डिचोलीतला एक किलोमीटर

29 ऑगस्ट 2024 ला आम्ही कोल्हापूरहून निघालो. आंबोलीत धुकं इतकं, की धबधब्याचा नुसता आवाज ऐकला. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग करत डिचोलीला आत्याच्या दारात उतरेपर्यंत दिवेलागण झाली होती. चतुर्थी आठवड्यावर आलेली, आतोबांचा अर्धा जीव चित्रशाळेतल्या गणपतीत. श्रावण म्हणून मासळी नाही, पण आत्याचं खतखतं आणि हळदीच्या पानातल्या पातोळ्या खाल्ल्यावर मासळी हवी कुणाला? या खेपेला समुद्र पाहिलाच नाही. शुक्रवारी भाचीच्या हट्टापायी बांबोळीचं मैदान कुंपणाबाहेरून पाहून आलो. 2014 च्या लुसोफोनिया खेळांतलं (पोर्तुगीज भाषिक देशांची स्पर्धा) आणि 2023 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतलं अॅथलेटिक्स इथेच झालं. पावसात अर्धा तास ती तिथून हलेना.

लिहायचं आहे ते शनिवारबद्दल.

सकाळी भाची फोन घेऊन ओरडतच ओसरीवर आली. पेरूतल्या लिमात वीस वर्षांखालच्या मुलामुलींची जागतिक स्पर्धा चालू होती आणि 10,000 मीटर चालण्याच्या शर्यतीत भारताच्या आरतीला कांस्यपदक मिळालं होतं. वेळ 44 मिनिटं 39.39 सेकंद, वीस वर्षांखालचा राष्ट्रीय विक्रम. भाची पंधरा वर्षांची आहे आणि दोन वर्षं पहाटे उठून हीच चाल घोटते आहे.

आतोबांना कळावं म्हणून तिने एका चालण्याच्या शर्यतीचा व्हिडिओ लावला. मुली कंबर हलवत निघाल्या आणि आतोबा खो खो हसले. "अगो, ही बदकं कुठे निघाली?" शेजारचे हसले, आत्याही हसली.

मला फार राग आला. हे हसू माझ्या ओळखीचं आहे. रंकाळ्यावर भाची सराव करते तेव्हा पोरं मागून तशीच कंबर हलवत येतात. एकदा रडत घरी आली होती. नीरज चोप्राने 2016 मध्ये पोलंडला याच स्पर्धेत 86.48 मीटर भाला फेकला, हिमा दास 2018 मध्ये फिनलंडला 400 मीटर जिंकली, तेव्हा आपण सगळे उर भरून बोललो. 2021 मध्ये नैरोबीच्या विरळ हवेत अमित खत्रीने चालून रौप्य आणलं, त्याचं नाव किती जणांना आठवतं?

मी काही बोलणार, तोवर भाचीच उभी राहिली. "आजोबा, हसू नका. बघा." ओसरीच्या शहाबादी फरशीवर ती सावकाश चालून दाखवू लागली. एक पाय जमिनीला असलाच पाहिजे, दोन्ही उचललेले पंचांच्या डोळ्यांना दिसले की संपलं. पुढचा पाय टेकल्यापासून अंगाखाली येईपर्यंत गुडघ्यात वाकायचा नाही. तीन पंचांची लाल कार्डं आली की थांबण्याची शिक्षा, नाहीतर बादच. पाय असे बांधलेले असताना वेग काढायचा कुठून? "कंबरेतून. म्हणून ती हलते."

आत्या पदराला हात पुसत तिच्या पावलांकडे बघत राहिली. आतोबांनी मात्र हिशेब विचारला. मैदानाच्या 25 फेऱ्या, प्रत्येक फेरी पावणेदोन मिनिटांच्या आसपास. म्हणजे किलोमीटरला साधारण 4 मिनिटं 28 सेकंद.

"इथून बाजारापर्यंत एक किलोमीटर," ते म्हणाले. "मला तर पंधरा मिनिटं लागतात."

रविवारी उजाडता उजाडता पाऊस थांबला होता. रस्ता ओला, दोन्ही कडेला तेरड्याची फुलं. आतोबांनी किलोमीटरचा काटा बघून स्कूटर तिच्या मागोमाग ठेवली, मी मोबाइलवर वेळ लावली. ती निघाली. दुधवाला थांबून बघू लागला, तिने मान वळवली नाही. चढावर खांदे ताठ झाले, श्वास मला मागे ऐकू येत होता, पण गुडघा एकदाही वाकला नाही. किलोमीटर भरला तसा आतोबांनी हॉर्न वाजवला.

5 मिनिटं 36 सेकंद.

आतोबांनी फोन माझ्या हातातून घेतला, चष्मा वर करून आकडा पुन्हा वाचला.

"याच्याहून एक मिनिट लवकर? आणि असे दहा?"

भाची गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती. तिने नुसती मान हलवली. आतोबांनी स्कूटर वळवली आणि तिला म्हणाले, "दम खा. जाताना पण मोजूया."