ओहोटीच्या वाळूत वहिनींची अंगठी शोधताना

आमचं जुनं घर पुण्यात रविवार पेठेत होतं, सराफांच्या दुकानांना लागून. लहानपणी तिथे झारेकरी दिसायचे. कारागिरांच्या खोल्यांतला केर, दारातली माती ते गोळा करायचे, परातीत पाणी घेऊन ती माती संथपणे गोल हलवायचे. हलकं ते पाण्याबरोबर निघून जायचं आणि तळाशी सोन्याचा कण राहायचा. सोनं पाण्याच्या १९ पट जड, वाळू जेमतेम अडीच पट. बाकी सगळं काम पाणी करतं.

मे महिन्यात दिवेआगरच्या किनाऱ्यावर वहिनींच्या बोटातली अंगठी गळाली तेव्हा मला ती परात आठवली. लाटांनी हलणारी वाळू म्हणजे तशीच एक परात. त्यात जड वस्तू खाली खाली जाते आणि घट्ट थर लागला की थांबते. पावसाळ्यात समुद्र वरची वाळू ओढून नेतो आणि उघाडीनंतर हळूहळू परत आणून टाकतो. म्हणजे शोधायचं तर ती वाळू परत भरायच्या आत. भाच्यानं मित्राचं मेटल डिटेक्टर मागून आणलं आणि आम्ही कोजागरीचा मुहूर्त धरला.

चांदणी चौकातून पौड, मुळशी, मग ताम्हिणी. घाटात अजून पाणी झिरपत होतं. माणगाव, म्हसळा करत सुमारे १६० किलोमीटर, थांबत थांबत पाच तास. रात्री ज्यांच्याकडे उतरलो त्या काकूंनी अंगणात आटीव दूध दिलं आणि भरतीचा हिशेब तोंडी सांगितला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. प्रतिपदेला पाऊण वाजता भरती, म्हणजे सकाळी पावणेसातच्या सुमारास पूर्ण ओहोटी. शिवाय पौर्णिमेचं उधाण, त्यामुळे पाणी नेहमीपेक्षा पुष्कळ आत जाणार.

आणि गेलंही. सुरूच्या झाडांपासून ओल्या वाळूचा एवढा रुंद पट्टा मी दिवेआगरला पूर्वी पाहिला नव्हता.

यंत्र मात्र पहिला अर्धा तास नुसतं किरकिरत होतं. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, त्यामुळे ओली वाळूच यंत्राला धातूसारखी भासते. त्यात लाटांनी वेगळे काढलेले काळ्या वाळूचे पट्टे. चुंबक फिरवलं तर ती वाळू झुपक्यानं चिकटते. भाच्यानं संवेदनशीलता उतरवली, तबकडी वाळूवर खाली-वर करत जमिनीशी मेळ घालून घेतला, तेव्हा कुठे आवाज स्वच्छ झाला. मग एकेक रेघ धरून चालणं, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर थोडी चढवून.

"आत्या, यंत्रावरचा हा आकडा पत्र्याचा वाटतो, सोडू का?" त्यानं विचारलं. सोडायचं नाही. पातळ सोन्याची अंगठी आणि डब्याच्या झाकणाची कडी यंत्राला जवळजवळ सारखीच वाटते. पत्रा टाळणारा सोनंही टाळतो. आम्ही सगळं खणलं: बाटल्यांची बुचं, होडीचे खिळे, खाऱ्या पाण्यानं पांढरं पडलेलं चौकोनी पाच पैशांचं नाणं. प्रत्येक खड्डा बुजवला आणि कचरा पिशवीत घेतला. अनवाणी मुलं पळतात तिथे.

साडेसातला, पाणी वळल्यावर, वीतभर खोल एक काळं कडं लागलं. अंगठी नव्हती. चांदीचं जोडवं होतं, एकच, वाळूची खपली धरलेलं.

दिवेआगरला जमिनीतून काही वर आलं की सगळ्यांना १९९७ सालच आठवतं. तेव्हा इथल्या सुपारीच्या वाडीत तांब्याच्या पेटीत सोन्याचा गणपती सापडला होता. २०१२ मध्ये तो चोरीला गेला, ती गोष्ट सांगताना काकूंचा आवाज आजही बदलतो. दडवलेला ऐवज १० रुपयांहून जास्त किमतीचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचा, असा १८७८ पासूनचा कायदा आहे. जोडवं हा काही तसा ठेवा नव्हे, कुणाच्या तरी पायातलं गळालेलं आहे. म्हणून आम्ही पोलीस पाटलांना दाखवलं. काकूंनी फोटो काढून घेतला आणि म्हणाल्या, "तुम्ही पुण्याला नेऊन नीट साफ करा, मी इथे विचारत राहते."

साफसफाईची घाई मी केली नाही. आधी नुसतं गोडं पाणी, रोज बदलून आठ दिवस, आतलं मीठ निघेपर्यंत. सोनं असतं तर रिठ्याचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरला असता, सोन्याला समुद्र काही करत नाही. चांदीचं तसं नाही, ती काळी पडते. रविवार पेठेतल्या ओळखीच्या कारागीर काकांनी जोडवं हातात फिरवून सांगितलं, "ताई, पावडरीनं घासू नका. काळेपणाबरोबर चांदीही जाते, नक्षी बुजते."

म्हणून वाडग्यात अॅल्युमिनियमची फॉइल पसरली, त्यावर जोडवं, वर खायचा सोडा आणि कढत पाणी. काळा थर म्हणजे चांदीला चिकटलेलं गंधक. ते अॅल्युमिनियमकडे जातं आणि चांदी जागेवर राहते. कुजक्या अंड्याचा वास आला, फॉइल काळवंडली. दोन मिनिटांत बाहेर काढलं. खाचांतला काळा मी मुद्दाम ठेवला, त्याशिवाय नक्षी दिसत नाही. वहिनींची नथही यात घालू का, असं भाच्यानं विचारलं, तेव्हा मी त्याचा हातच धरला. मोत्याला सोडा नको, लिंबू तर नकोच, मोती आंबटात विरतो. आणि लाख भरलेल्या मण्यांना कढत पाणी लागलं की आतली लाख मऊ होऊन सुटते.

धुतल्यावर दिसलं, जोडवं तळाकडून झिजून सपाट झालंय. बरीच वर्षं कुणीतरी त्यावर चाललं आहे. ती झीज तशीच राहू दिली.

आता ते कापसात गुंडाळून डबीत आहे, सोबत चिठ्ठी: तिथी, वेळ, सुरूच्या मोडक्या झाडापासून किती पावलं. मार्गशीर्ष पौर्णिमेनंतर पुन्हा जातोय, तेव्हा ते काकूंच्या हाती देईन. या खेपेला वहिनीही येणार आहेत. त्या म्हणतात, आपण चटई टाकून बसलो ती जागा तुम्ही शोधलीत त्याच्या बरीच डावीकडे होती.