दिवा लाल आहे, गाडी तरी चालतेय

कसाऱ्याचा चढ, पुढे ट्रकची रांग, एसी चालू, आणि तापमानाचा काटा मध्यावरून वर सरकायला लागतो. इगतपुरी आलीच, तिथं बघू, असं म्हणून गाडी दामटली जाते. इंजिनाचं काम निघतं ते या शेवटच्या चार-पाच किलोमीटरमध्ये.

ज्याला एक मिनिटही देऊ नये असा दिवा मात्र वेगळाच आहे: ऑइलच्या किटलीचा लाल दिवा. तो ऑइल कमी झाल्याचा दिवा आहे असा समज असतो. खरं म्हणजे तो ऑइलचा दाब गेल्याचं सांगतो. चालू इंजिनात क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा) त्याला धरणाऱ्या बेअरिंग शेलला टेकत नाही, मधे दाबाखालच्या ऑइलचा पातळ थर असतो. दाब गेला की धातू धातूला घासतो, शेल चिकटतं आणि खालून ठकठक सुरू होते. त्या आवाजानंतर ऑइल ओतणं म्हणजे बैल गेला नि झोपा केला.

दिवा लागताच कडेला घ्या, चावी बंद करा. सपाट जागी दहा मिनिटं थांबून डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, पुसा आणि पुन्हा घालून बघा. साध्या मोटारीत खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत साधारण 1 लिटर ऑइल बसतं. पातळी खुणांच्या मधे असूनही दिवा जात नसेल तर सेन्सर खराब असेल किंवा ऑइल पंप, पण ते चालवून ठरवायचं नसतं, गाडी टो करायची. वळणावर किंवा चढावर दिवा क्षणभर लुकलुकतो, तेव्हा बहुधा ऑइल उतरलेलं असतं आणि चेंबरमधली, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतली, पंपाची जाळी उघडी पडत असते. पावसाळ्यात खड्ड्यात खालून फटका बसला असेल तर चेंबरखाली वाकून बघा, थेंब दिसेल.

आता गरम होण्याचं. रेडिएटरचं झाकण साधारण 1 बार दाब धरून ठेवतं, त्यामुळे निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी असलेलं मिश्रण 120 अंशांच्या वर जाईपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर गेलं किंवा नुसतं नळाचं पाणी भरलं की ही सवलत घटते. अ‍ॅल्युमिनियमचं हेड (इंजिनाचा वरचा भाग) जास्त तापलं की वाकतं, त्याखालची गॅसकेट उडते, मग हेड उतरवून फेसिंग, म्हणजे त्याचा तळ घासून सपाट, करण्याशिवाय गत्यंतर नाही.

गाडी कुठं गरम होते यावरून अर्धं निदान होतं. नाशिकच्या द्वारका चौकात अडकल्यावर काटा चढतो आणि हायवेला वारा लागताच उतरतो, तेव्हा संशय पंख्यावर: फ्यूज, रिले, मोटर. उभ्या गाडीत ठीक, पण घाटात जोर लावल्यावर तापते, तर रेडिएटर तुंबलाय, थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी झडप) पूर्ण उघडत नाहीये किंवा कूलंट कमी आहे.

काटा चढायला लागला की एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर फुल. उकाड्यात जीव नकोसा होईल, पण हीटरची जाळी हा दुसरा छोटा रेडिएटरच असतो. दोन मिनिटांत काटा उतरला नाही तर थांबा. किमान अर्धा तास झाकणाला हात लावू नका, आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, तडा जातो. हीटरमधून अचानक गार हवा यायला लागली तर खूश होऊ नका. कूलंट संपलेलं असतं. अशा वेळी काटाही फसवतो, कारण सेन्सर पाण्याबाहेर हवेत राहिलेला असतो.

बॅटरीचा दिवा एकटा लागला तर इंजिनाला धोका नाही, दिवसाउजेडी बॅटरी टिकेल तोवर जाता येतं. त्याच्याबरोबर काटाही चढायला लागला तर बेल्ट तुटलाय. बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर आणि वॉटर पंप एकाच बेल्टवर फिरतात. टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ राखणारा पट्टा) सहसा सूचना न देता तुटतो आणि बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. मॅन्युअलमधले किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी भरेल तेव्हा तो बदलायचा. यात कंजुषी नको.

चेक इंजिनचा पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल तर घरी जा, दोन दिवसांत स्कॅन करा. लुकलुकत असेल तर इंजिन मिसिंग मारतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाहीये. न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो आतून वितळतो, शिवाय सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतलं जातं. अ‍ॅक्सिलरेटर हलका ठेवून जवळचं गॅरेज गाठा. तिथं प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉइलची अदलाबदल करून बघायला सांगा: मिसिंग दुसऱ्या सिलिंडरवर सरकलं तर कॉइल खराब, नाही सरकलं तर आधी प्लग बघायचा.

बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या नियमांची) डिझेल गाडी फक्त शहरात, गंगापूर रोड ते कॉलेज रोड, फिरत असेल तर काजळीचा फिल्टर साफ होणं अर्धवट राहतं आणि डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्याही वर दिसलं की ऑइल बदला. नंतर महिन्यातून दोनदा अर्धा तास हायवेला फिरवून आणा.

एबीएस, एअरबॅग, शॉकअप, व्हील बेअरिंग, घसरणारा क्लच: यातल्या कशानंही इंजिन बिघडत नाही. ब्रेक पॅडनंही नाही, पण घाटात इंजिन शाबूत राहून काय करायचं?

राहिला गोदेचा पूर. दुतोंड्या मारुतीच्या (गोदाघाटावरची मूर्ती, पुराची पातळी तिच्यावरूनच सांगतात) गुडघ्याला पाणी लागेपर्यंत गोदाघाटावरची गाडी हलवली नाही, तर ती पाण्यातून निघाल्यावर स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून गाडी उचलून न्या. प्लग किंवा इंजेक्टर काढून इंजिन हातानं फिरवायचं, पाणी बाहेर काढायचं, एअर फिल्टर आणि ऑइल बदलायचं. ते नवं ऑइलही थोडा वेळ इंजिन चालवून पुन्हा काढायचं, दुधाळ दिसलं तर तिसऱ्यांदा.