कलेक्टिव्ह, पेडल आणि सरकणारी दिशा

आजची संध्याकाळ हेलिकॉप्टर सिम्युलेटरच्या सेटिंग्जमध्ये गेली. कलेक्टिव्ह (हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा दांडा) वर ओढावं तर हेलिकॉप्टर जमिनीला चिकटून, खाली ढकलावं तर टुणकन वर! अक्ष उलटा होता, तो एका टिचकीत सुटला. शेपटीच्या पंख्यातून नाक वळवणाऱ्या पेडलनी मात्र घाम काढला. नाक सारखं डावी-उजवीकडे थरथरायचं. शेवटी कंट्रोलचा सगळा तक्ता उघडला, तर सिमने आपल्या मनानेच जॉयस्टिकचा ट्विस्टही पेडलच्या कामाला लावलेला. दोन मालक, एकच शेपटीचा पंखा! एक नोंद पुसली आणि नाक शांत.

मग नेव्हिगेशन. एडीएफची (रेडिओ बीकनची दिशा दाखवणाऱ्या यंत्राची) सुई बीकनकडे बरोबर, पण हेडिंग (नाकाची दिशा) हळूहळू सरकत चाललेलं. हा मला बग वाटला होता. पण नाही, होकायंत्राचा स्विच ‘मॅग’ऐवजी (चुंबकीय आधारासह) ‘डीजी’वर (नुसत्या जायरोवर, म्हणजे दिशा धरून ठेवणाऱ्या फिरत्या चाकावर) होता. चुंबकीय आधार नसलेला जायरो पृथ्वीच्या फिरण्यामुळेच सरकतो: विषुववृत्तावर जवळजवळ शून्य, ध्रुवावर तासाला सुमारे १५ अंश. हे इतकं बारकाईने कोड करणाऱ्याला खरंच दाद द्यायला हवी. (ग्राफिक्सचं कौतुक सगळेच करतात, याचं कोण करतं?)

आता सगळं जागेवर आहे. हॉवर (हवेत एका जागी तरंगणं) अजूनही जमत नाहीये, आणि त्याचं सेटिंग कुठल्याच मेन्यूत सापडत नाही 😄