तुम्ही विचारलेत म्हणून: लाकडाचेच काम करायचे, तर बंदूकच का?

मंडळाच्या गणपतीत हा प्रश्न मला दरवर्षी कोणीतरी विचारते. कुडाळहून भाऊ फोनवर विचारतो, आणि ज्यांना माझे काम मनापासून आवडते अशा मैत्रिणीही दस्त्यावरून हात फिरवता फिरवता विचारतात. हात एवढा चांगला आहे तर देव्हारा करा, पाळणा करा, निदान एखादे टेबल तरी करा. लाकडाचेच काम करायचे, तर बंदूकच का? आजवर मी माणूस आणि प्रसंग पाहून दोन वाक्यांत उत्तर देत आले. ती सगळी उत्तरे खरी होती आणि त्यांतले एकही पुरेसे नव्हते, म्हणून हे एकदा सविस्तर लिहिते.

मी तळकोकणातली, म्हणून आमच्या घरी ठासणीची बंदूक असणार आणि ही ओढ तिथूनच आली असणार, असे बरेच जण परस्पर ठरवून टाकतात. आमच्या घरी बंदूक नव्हती. वाडीत एकांकडे होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची, रानडुकरांसाठी. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागे, एवढेच मला तिच्याविषयी माहीत होते. तिला मी कधी हातही लावला नाही. मी बंदुकीकडे वळले ते इथे, पेनसिल्व्हेनियाच्या पूर्व भागात आल्यावर, आणि तेही लाकडाच्या वाटेने.

लाकडी कामात मला जे हवे होते ते दुसऱ्या कुठल्याही वस्तूत मिळाले नाही, हे माझे पहिले आणि सर्वांत जुने उत्तर. बेचाळीस इंच लांबीची अष्टकोनी नळी, बुडाशी सर्वांत जाड, पुढे बारीक होत गेलेली आणि तोंडाशी पुन्हा किंचित फुललेली, अशी लाकडात निम्मी उतरवायची असते. नळीला तेलात कालवलेली काजळी फासायची, ती खाचेत ठेवून लाकडी हातोडीने हलके ठोकायची आणि उचलायची. जिथे काळा ठिपका उमटतो तिथे लाकूड लोखंडाला अडवते आहे. पटाशीने तेवढाच ठिपका खरवडून काढायचा आणि नळी पुन्हा ठोकायची. आरंभी ठिपके दोन-चारच उमटतात, काम पुढे सरकते तसे वाढत जातात, आणि खाच सगळीकडून सारखी काळी झाली की नळी बसली. त्यानंतर गजाचे, म्हणजे बार ठासायच्या काठीचे, भोक. नळीच्या खाली, तिला समांतर, तीन अष्टमांश इंच रुंदीचे हे भोक दस्त्याच्या आत हातभर खोल न्यावे लागते. नळी आणि भोक यांच्यामध्ये जेमतेम एक अष्टमांश इंच लाकूड उरते, आणि गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पाडणाऱ्या चकमकीच्या यंत्राचा पुढचा स्क्रू त्याच एवढ्याशा जाडीतून आडवा जातो. लांब गिरमीट लाकडाच्या रेषांच्या कलाने वाहवत जाते, आणि ते आत नेमके कुठे पोचले आहे हे दिसत नाही. टेबलाचा सांधा सैल राहिला तर पाचर मारून भागते. इथे नळीच्या बुडाला लाकूड सर्वत्र सारखे टेकले नाही, तर प्रत्येक बाराचा धक्का एकाच कोपऱ्यावर येतो आणि दस्ता कधीतरी मनगटाशी चिरतो. या नेमकेपणाला पळवाट नाही, आणि मला तेच हवे होते.

नळी आणि चकमकीचे यंत्र मी विकत घेते. मग बंदूक तुम्ही केलीत कुठे, असेही मला ऐकवले गेले आहे. अठराव्या शतकातले पेनसिल्व्हेनियाचे कारागीरही इंग्लंड-जर्मनीहून आलेली यंत्रे बसवीत असत. यावर मला याहून अधिक बोलायचे नाही.

मी दस्ता चेरीच्या लाकडाचा करते. चेरी का, हा प्रश्न जाणकारांचा. इथल्या जुन्या लांब रायफलींचे दस्ते बहुतेक लहरीदार मेपलचे, पण चेरीचेही सापडतात. ही खाण्याची चेरी नव्हे. ही काळी चेरी, प्रुनस सेरोटिना, या राज्याच्या ॲलेगेनी पठारावर ती उत्तम वाढते. कठीण मेपलपेक्षा ती हलकी आणि मऊ आहे, आणि कोरीवकामाची कड तिच्यात स्वच्छ निघते. बाजारातला रंग मात्र ती नीट घेत नाही, डाग डाग पडतात. म्हणून मी तिला रंग लावतच नाही. कॉस्टिक सोड्याचे पाणी लाकडातल्या टॅनिनला भिडले की फिकट गुलाबी फळी पाहता पाहता तांबूस तपकिरी होते. उजेडात ठेवून जे व्हायला वर्षे लागतात ते मिनिटांत होते. मग व्हिनेगरने सोडा मारायचा, लाकूड धुऊन वाळवायचे आणि अळशीच्या तेलाचे पातळ हात चढवायचे.

आता कायद्याचे. माझ्या बचावासाठी मी फार दिवस तो पुढे करीत असे. अमेरिकेचा १९६८ चा संघीय शस्त्रकायदा तोंडाकडून भरायच्या, काडतूस न लागणाऱ्या जुन्या धाटणीच्या बंदुकीला बहुतेक बाबतींत बंदूक मानतच नाही. शिवाय एक बार भरायचा म्हणजे दारू मोजून ओतायची, तेल लावलेल्या चिंधीत गोळी धरून ती गजाने तळापर्यंत ठासायची, यंत्राच्या वाटीत रंजक, म्हणजे ठिणगीने पेटणारी चिमूटभर दारू, घालायचे, पोलादी झाकण लावायचे आणि मग घोडा मागे ओढायचा. अशी बंदूक घेऊन कोणी शाळेत शिरत नाही, हे वाक्य मी लोकांना ऐकवलेले आहे, आणि एकदा नव्हे.

मुलगा सातवीत असताना, ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी मी गॅरेजमध्ये होते. दस्ता घासून तयार होता, हातांत रबरी मोजे होते आणि काचेच्या बरणीत कॉस्टिकचे पाणी. डावी बाजू फासून झाली होती आणि रंग चढत होता, तेवढ्यात शाळेचा संदेश आला: शाळा लॉकडाउनमध्ये आहे, म्हणजे धोक्यामुळे दारे बंद करून मुलांना आत ठेवले आहे, पालकांनी शाळेकडे येऊ नये. मी मोजे ओरबाडून काढले आणि गाडी काढली. पोलिसांनी आम्हाला रस्त्यापलीकडच्या चर्चच्या पार्किंगमध्ये थांबवले. तिथे कोणी कोणाशी बोलत नव्हते, सगळे फोनकडे पाहत उभे होते. एका वडिलांनी मला विचारले, तुमच्या मुलाचा वर्ग कोणत्या बाजूला आहे? मला ते सांगता आले नाही. घाईत माझ्या अंगठ्याला कॉस्टिक लागले होते. आधी बोट नुसते बुळबुळीत लागले, मग चुरचुरू लागले, तेव्हा मी ते बाटलीतल्या पाण्याने धुतले आणि पुन्हा शाळेच्या दाराकडे पाहू लागले. त्या सगळ्या वेळात माझे ते वाक्य मला आठवत होते. ते खोटे नव्हते. पण त्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या एकाही माणसाला ते मला म्हणून दाखवता आले नसते.

शेवटी कळले की कोणीतरी खोटा फोन केला होता, शाळेत कोणी शिरलेच नव्हते. एकेक नाव पुकारून मुलांना सोडले. वर्गात दिवे बंद करून ते भिंतीला टेकून बसले होते आणि एका मुलाची उचकी थांबत नव्हती म्हणून बाकीचे त्याच्यावर चिडले होते, एवढेच मुलाने गाडीत सांगितले.

घरी आल्यावर दस्ता तसाच ठेवता येणार नव्हता, कारण सोडा मारल्याशिवाय तेल धरत नाही. मी व्हिनेगर घेऊन गॅरेजमध्ये गेले, तो मागोमाग आला. या दस्त्याला त्याने माझ्याबरोबर कानस मारली होती, त्यामुळे त्याला त्याची भीती नव्हती. त्याने विचारले, "आई, ही चालते का?"

"अजून नाही. कान पाडायचा राहिलाय."

"मग नको ना पाडूस."

कान म्हणजे नळीच्या बुडाशी, वाटीच्या पातळीवर पाडलेले साधारण एक सोळांश इंचाचे भोक. वाटीतली आग त्यातूनच आतल्या दारूपर्यंत जाते. ते नसेल तर ठिणगी बाहेरच विझते. शत्रूच्या हाती पडणाऱ्या तोफा निकामी करण्यासाठी आपल्याकडे त्यांच्या कानांत खिळे ठोकत. माझा मुलगा खिळा ठोकायला सांगत नव्हता. जे भोक अजून नाही ते नसू दे, एवढेच त्याचे मागणे होते.

तो हिवाळाभर मी कान पाडला नाही. तेलाचे हात चढले, पितळी पट्टी बसली, घोड्यात गारगोटी बसली, आणि बघणारे वाखाणत राहिले. डाव्या बाजूचा रंग उजवीपेक्षा थोडा गडद का, असे कोणी विचारले तर मी विषय बदलत असे. हाच प्रश्न पुन्हा आला, की मी सांगे, ही चालत नाही, आणि विचारणाऱ्याचा चेहरा सैलावत असे. मला तो दिलासा सहन होईना. काजळीचा एकेक ठिपका मी ज्या धक्क्यासाठी काढला होता तो धक्का त्या लाकडाला कधीच बसणार नव्हता, आणि भोक नसल्याच्या आड उभे राहून मी आधीच्याच जातीचे एक नवे वाक्य तयार केले होते: ही बंदूक नव्हेच. ती बंदूक आहे. या राज्यात १९७४ पासून चकमकीच्या बंदुकांचा हरणांच्या शिकारीचा वेगळा हंगाम आहे. मी शिकार करीत नाही, क्लबात कागदावर नेम धरते. पण जी गोळी हरणाला पाडते ती माणसालाही पाडते, हे मला कोणी शिकवायला नको.

मी राहते तिथून पेनसिल्व्हेनियातलेच नाझरेथ हे गाव जवळ आहे. तिथल्या ख्रिश्चन्स स्प्रिंग या मोरेव्हियन नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या वस्तीत अठराव्या शतकात बंदुकांचा कारखाना होता. आंद्रेआस आल्ब्रेख्ट आणि ख्रिश्चन ओर्टर तिथले नावाजलेले कारागीर. हा पंथ युद्धात शस्त्र धरायला नकार देणारा, आणि त्याच्याच छपराखाली या मुलखातल्या उत्तम रायफली घडल्या. त्यांचा आधार घेऊन मी सुटू पाहत नाही. त्या काळात अशा रायफली इथल्या मूळ रहिवासी लेनापे शिकाऱ्यांच्याही हाती होत्या आणि त्यांच्या जमिनीवर येऊन बसणाऱ्यांच्याही. दोन गोष्टी एका घरात राहू शकतात, एवढाच त्याचा अर्थ मी घेते. राहाव्यात की नाही, हे त्यातून ठरत नाही.

वसंतात मी कान पाडला. आदल्या संध्याकाळी मुलाला सांगितले. "तुझी आहे," एवढे म्हणून तो वर अभ्यासाला गेला. हिवाळाभर थांबलेली मी आजही कान पाडणाऱ्या मला विचारते, की मुलाने मागितलेली एवढी लहान गोष्ट तू का दिली नाहीस? दुसरी सांगते, की दिली असती तर आयुष्यभर त्याच्यापुढे एक खोटी वस्तू भिंतीवर टांगून ठेवली असती. पहिलीला हे पटत नाही. कधी कधी मलाही पटत नाही.

तुम्ही देव्हारा सांगितलात तर मी करून देईन, आणि आनंदाने करीन. पण बंदुकीच्या बदल्यात नव्हे. ती कुलपात असते, गारगोटी काढून. मुलगा आता माझ्यापेक्षा उंच झाला आहे. क्लबात तो येत नाही आणि मी बोलावत नाही. नवी फळी आणली तेव्हा तिच्या टोकांना मेण लावायला मात्र तो आला, आणि हिचा कान पाडणार का, हे त्याने आत्ताच विचारून ठेवले. पाडणार, असे मी म्हणाले. नको, असे तो म्हणाला. फळी चेरीचीच आहे, अडीच इंच जाड आणि अजून ओली. इंचाला वर्ष या हिशेबाने ती वाळेपर्यंत आमचा वाद चालेल.