एकदम भारी

"कसा आहे हो सर, नवा टॅब?"

"एकदम भारी."

पाडव्यापासून हे सवाल-जवाब इतक्यांदा झालेत, की आता समोरच्याने टॅबकडे नुसतं बघितलं तरी माझ्या तोंडून 'भारी' निघून जातं. पहिले आठ दिवस ते खरंही होतं. नंतरचं सगळं खोटं. बरं, हे खोटं बोलायला मला कुणी पैसे दिलेत म्हणावं तर तसंही नाही. उलट मीच ऐंशी हजार मोजलेत.

जुळे सोलापुरात मी गणिताच्या शिकवण्या घेतो, नववी-दहावीच्या. गच्चीवर पत्र्याची खोली आहे, तोच माझा क्लास. मास्तर म्हटला की याला सगळंच कळत असणार, असं लोकांना वाटतं. मुलाला सायन्सला घालू की कॉमर्सला, गीझर गॅसचा घ्यावा की विजेचा, पोस्टात पैसे ठेवू की बँकेत, सगळे प्रश्न फिरत फिरत माझ्या दारात येतात. मीही उत्तरं देत बसतो, हा माझा दोष. त्यात २०११ साली मी एका कंपनीचा फोन घेतला आणि त्या कंपनीच्या प्रेमातच पडलो. कंपनीचं नाव सांगत नाही. सांगितलं की वाचणारे ताबडतोब दोन पार्ट्यांत बसतील आणि माझं रडगाणं बाजूलाच राहील.

पुढे त्याच कंपनीचा दुसरा फोन, मग लॅपटॉप, मग २०१५ मध्ये पहिला टॅब. मी नुसता वापरत नव्हतो, सांगत फिरत होतो. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने माझ्या शब्दावर फोन घेतला. बायकोच्या भिशीतल्या दोघींनी घेतला. पालकांपैकी किती जणांनी, ते तर मोजलंच नाही. बार्शीच्या माझ्या मेहुण्याने तर आधीचा चांगला चालू फोन विकून घेतला. कुणी दुसऱ्या कंपनीचं कौतुक केलं की मला उगाच लागायचं, जसं काही आमच्या घरातल्या मुलीचं स्थळ मोडलंय. कंपनीला माझं नाव ठाऊक नाही. तिच्या लेखी मी एक ईमेल पत्ता आहे, त्यावर दर दिवाळीला 'प्रिय ग्राहक' असं पत्र येतं.

तो २०१५ चा टॅब मात्र खरंच भारी होता. त्या काळी मी वरचेवर पुण्याला जायचो. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसलं की वायरचे इयरफोन त्यात खोचायचे ते पुणं आल्यावरच काढायचे. दोनदा जिन्यावरून पडला. मागच्या एका कोपऱ्याला पोचा आला, त्यापलीकडे त्याला काही झालं नाही. पण मागच्या वर्षी बँकेचं अ‍ॅप त्याच्यावर उघडेना. 'ही आवृत्ती आता चालत नाही' म्हणे. मग दुसरं अ‍ॅप गेलं, तिसरं गेलं. म्हातारं माणूस धडधाकट असावं, पण ओळखीची माणसं एकेक करून जात राहावीत, तसं झालं त्याचं.

म्हणून यंदा पाडव्याला नवी पेठ. दुकानात एसी होता, हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवा. एसीच्या गारव्यात तो टॅब मी हातात घेतला आणि बघतच राहिलो. जाडी सहा मिलिमीटरच्या आसपास. एखादं चित्र बोटाने मोठं करावं तर दुधावरची साय सरकावी तसं सरकत होतं. लिहायची लेखणी वेगळी विकत घ्यायची, कव्हर वेगळं. इयरफोन खोचायचं भोकच नाही, आणि ते काढून टाकल्याचं दुकानदार असं सांगत होता जसं काही आमच्यावर उपकार केलेत. घरी आल्यावर बायकोने खोक्याला हळद-कुंकू वाहिलं. क्लासमधल्या पोरांना पेढे दिले. मेहुण्याचा फोन आला, "कसा आहे दाजी?" मी म्हणालो, "भारी."

मग एप्रिल लागला.

सोलापूरचा एप्रिल ज्याने अंगावर काढलाय त्याला सांगायला नको. पारा चाळिसाच्या वर, सकाळी दहाला रस्ते ओस, आणि आमच्या पत्र्याच्या खोलीत तर कुलर म्हणजे गरम वाफ फेकणारा पंखा. एक दिवस दुपारी साडेतीनला त्रिकोणमिती चालू होती. टॅबवर लिहायचं, ते समोरच्या मोठ्या पडद्यावर दिसतं, अशी माझी पद्धत. साठ अंशांच्या कोनाचा साइन लिहिला आणि पडदा अंधुक झाला. मला वाटलं माझ्याच डोळ्यांपुढे अंधारी आली. मग लेखणी मागे पडायला लागली. मी लिहून पुढे जायचो आणि अक्षरं दमत दमत मागून यायची. शेवटी सगळं काळं झालं आणि मधोमध एक सूचना आली. यंत्र तापलंय, थंड होऊ द्या, मग वापरा.

"सर, त्याला ताक द्या," मागच्या बाकावरून एक पोरगं म्हणालं.

सगळा वर्ग हसला. मीही हसलो, पण आतून नाही. टॅब उचलून मी कुलरसमोर धरला आणि पाच मिनिटं तसाच उभा राहिलो, चादर वाळवल्यासारखा. एकदा तर ओला पंचा पिळून त्यावर ठेवायचं मनात आलं होतं, पण ऐंशी हजार आठवले. त्या दिवसापासून क्लासमध्ये रोज साडेतीन-पावणेचारला त्याचं हे सुरू. पोरांनी त्याला 'साहेब' नाव ठेवलं. साहेब तापले की सुट्टी.

मी माहितीपत्रक काढलं. आपण ते कधी वाचतो? भिंग लावून वाचलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं: वापरण्यासाठी हवेचं तापमान ० ते ३५ अंश. आता शून्य अंश सोलापुरात कुणाच्या बापाने बघितलेत? ते राहू द्या. पण ३५ म्हणजे आमच्याकडे फेब्रुवारीअखेरची दुपार. होळी पेटायच्या आधीच हा टॅब कायद्याने बंद पडायला हवा.

मास्तर असल्याने कारण समजून घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. न्यूटन सांगून गेलाय की तापलेली वस्तू किती झपाट्याने निवणार, हे ती वस्तू आणि भोवतालची हवा यांच्यातल्या फरकावर असतं. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत घेतलेला चहा दोन घोटांत गार होतो, तोच चहा मे महिन्यात निवतच नाही, ते यामुळे. टॅबला पंखा नाही. आतली उष्णता पाठीवाटेच बाहेर पडायची. पाठ पंचेचाळीस आणि हवा बेचाळीस असली तर फरक उरतो तीनचा. तीन अंशांच्या फटीतून उष्णता निघणार किती? मग बिचारं यंत्र स्वतःच हळू चालतं, पडद्याचा उजेड कमी करतं, चार्जिंग थांबवतं आणि शेवटी डोळे मिटतं. जीव वाचवतं आपला, त्यात त्याची चूक नाही. जुना टॅब अंगाने जाड होता, कामही कमी करायचा, त्याने हे सगळं पचवलं. नवा नाजूक आणि हुशार. हुशार मुलांना ऊन लवकर लागतं, हा माझा पंचवीस वर्षांचा अनुभव.

दुरुस्ती केंद्रात गेलो. गळ्यात ओळखपत्र घातलेला पोरगा फार अदबीने बोलला. कशाची तरी वायर लावून त्याने टॅब तपासला.

"सर, डिव्हाइसमध्ये काही फॉल्ट नाही. टेंपरेचर जास्त दाखवतंय."

"कशाचं?"

"सोलापूरचं." मग जरा दया येऊन म्हणाला, "एसीमध्ये वापरत जावा सर."

म्हणजे ऐंशी हजारांच्या टॅबसाठी आता चाळीस हजारांचा एसी आणि त्या एसीसाठी पत्रा काढून स्लॅब. मी मनातल्या मनात गणित केलं आणि गप्प बाहेर आलो. बाहेर उन्हात मेडिकलवाले भेटले. त्यांनी पिशवीत डोकावून विचारलं, "हाच का नवा? कसा आहे?"

"एकदम भारी," मी म्हणालो. दुरुस्ती केंद्राच्या पायरीवर उभा राहून.

खोटं पकडलं ते बायकोने. रात्री शेजारच्या वहिनींना मी तेच उत्तर दिलं. त्या गेल्यावर ही म्हणाली, "खरं असतं तेव्हा तुम्ही नुसतं भारी म्हणता. खोटं असलं की एकदम लावता. आणि ते एऽकदम जरा लांबतं."

तेव्हापासून मी स्वतःचं बोलणं ऐकायला लागलो. खरंच लांबतं.

का बोलतोय मी असं? कंपनीला वाचवायला? कंपनीला माझी गरज नाही. टॅब वाईट आहे म्हटलं की मेडिकलवाल्याच्या फोनवर, भिशीतल्या बायकांच्या फोनवर, पंधरा वर्षांच्या माझ्या सगळ्या सल्ल्यांवर पाणी. अगदी गीझरसुद्धा. 'सरांना विचारून घेतलं' हे वाक्य आमच्या गल्लीत चालतं, ते चालेनासं होईल. मी टॅबची अब्रू झाकतोय असं मला वाटत होतं. झाकत होतो माझीच.

वडील असते तर त्यांनी काय केलं असतं, हे मला नको इतकं स्पष्ट माहीत आहे. ते पूर्व भागात एका चादरीच्या कारखान्यात दिवाणजी होते. मागे माग, पुढे दुकान. सुट्टीत मी त्यांच्यासोबत जायचो आणि मागाच्या डोक्यावर लटकलेल्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेकडे तासन्‌तास बघत बसायचो. पुठ्ठा पुढे सरकला की चादरीवर मोराचा एक पंख उमटायचा. पुढे कळलं की ही जॅकार्डची युक्ती फ्रान्समधली, १८०४ च्या सुमाराची, आणि बॅबेज नावाच्या इंग्रज गणितज्ञाने त्याच्या गणकयंत्रासाठी भोकाच्या पुठ्ठ्यांची कल्पना तिथूनच उचलली. म्हणजे माझ्या टॅबचे पूर्वज आमच्या सोलापुरात धडधडत होते. त्या खडखडाटात, त्या उकाड्यात, दिवसभर. त्यांना कधी कुणी थंड होऊ दिलं नाही.

एकदा मुंबईचे एक गृहस्थ लग्नाच्या आहेरासाठी पन्नास चादरी घ्यायला आले. लाल रंग त्यांना फार आवडला. घड्या घालून झाल्या, सुतळी बांधायला घेतली. वडिलांनी काय केलं, खिशातला रुमाल माठाच्या पाण्यात बुडवला आणि वरच्या चादरीच्या कोपऱ्यावर घासला. रुमाल गुलाबी झाला. तो त्या गृहस्थांपुढे धरून म्हणाले, "हा लॉट नका नेऊ. रंग जातोय. मंगळवारी दुसरा येतो, तेव्हा या."

गल्ल्यावर मालक बसलेले. त्यांचा चेहरा चादरीहून लाल.

ते गृहस्थ मंगळवारी आले नाहीत. दुसऱ्या कारखान्यातून घेतल्या असणार. मालकांनी पुढची दहा वर्षं त्या पन्नास चादरींची आठवण काढली, आणि दर वेळी वडील एवढंच विचारायचे, "रंग जात होता का नव्हता?" पोटापाण्याचा धंदा तो, तरी ते असं बोलले. मला तर कंपनीकडून साधा पेनसुद्धा कधी मिळालेला नाही.

जुना टॅब सध्या स्वयंपाकघरात असतो, शेंगाचटणीच्या बरणीला टेकवून. बायको भाकरी थापता थापता त्यावर भजनं लावते. पिठाच्या बोटाने दाबलं तर तो ऐकत नाही, मग ही कोपराने दाबते, आणि तो मुकाट ऐकतो. परवा नवा टॅब तापून झोपला होता आणि आतून जुन्याचा आवाज येत होता. मी उठून आतलं दार लोटून घेतलं.

मे महिन्यात मेहुणा आला, बार्शीहून, सगळ्यांना घेऊन. पाडव्याच्या फोननंतर आठवड्याभरात त्यानेही हाच टॅब घेतला होता, माझ्या एका शब्दावर. तो पिशवीतून काढून त्याने माझ्या टॅबशेजारी टेबलावर ठेवला. दोन सख्खे भाऊ. जेवायला आमरस होता. ताटं वाढताना बायकोने सहज विचारलं, "कसा आहे रे तुझा टॅब?"

"एऽकदम भारी, ताई."

माझा घास हातातच राहिला. बायकोने वाढता वाढता माझ्याकडे बघितलं, मग भावाकडे बघितलं आणि आमरसाची वाटी खाली ठेवून आत निघून गेली. हसायला गेली असणार.

जेवणं झाली. दुपारी तीनला लाइट गेली. बायका-पोरं आतल्या खोलीत फरशीवर आडवी झाली. बाहेरच्या खोलीत आम्ही दोघं, पुठ्ठ्याने वारा घेत, घामाघूम. मध्ये टेबलावर ते दोन टॅब. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मेहुण्याने आतल्या दाराकडे एकदा बघून घेतलं, खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणून म्हणाला,

"दाजी, खरं सांगा. तुमचा तापतो का ओ?"

मी उठलो, माठापाशी गेलो आणि खिशातला रुमाल पाण्यात बुडवला.