एकास पस्तीस: म्युनिकच्या तळघरातला शक्तिमान

म्युनिकला रविवारी भिंतीत खिळा ठोकला तरी शेजारी येऊन दार वाजवतात. रात्री दहानंतर आणि रविवारी अख्खा दिवस आवाज करायचा नाही, हा नियम इथली माणसं मनापासून पाळतात. त्यामुळे माझा रंगाचा कंप्रेसर शनिवारी दिवसा चालतो, आणि रविवारी ब्लेड, पॉलिशपेपर, चिमटा एवढ्यावर भागवायचं. आमच्या इमारतीत प्रत्येक घराला तळघरात एकेक खोली आहे. बाकीचे तिथे सायकली, स्की आणि बटाटे ठेवतात. मी मिलिटरीचे ट्रक बनवते.

साताऱ्यात हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: "म्हणजे खेळण्यातले?" तसं म्हणा हवं तर. पण सात मीटरचा ट्रक बरोबर वीस सेंटीमीटरचा करायचा, आणि फोटोत तो पुन्हा सात मीटरचा दिसला पाहिजे, असा हा खेळ आहे. मापाला एकास पस्तीस म्हणतात. पस्तीसच का, तर जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचं मॉडेल काढलं. त्याच्या पोटात मोटर आणि बॅटरी बसवायच्या होत्या. त्या मावतील एवढा आकार धरला, तो खऱ्याच्या साधारण पस्तिसावा भाग निघाला. पुढे जगभर तेच माप रूढ झालं.

दुकानात दुसऱ्या महायुद्धातले ट्रक, जोडायच्या सुट्या भागांच्या खोक्यांत, हवे तेवढे मिळतात. अमेरिकन जीएमसी, जर्मन ओपेल ब्लिट्झ, रशियाला अमेरिकेने पुरवलेला स्टुडबेकर. (जर्मनीत स्वस्तिक मिरवायला कायद्याने बंदी आहे. इथे विकल्या जाणाऱ्या खोक्यांवर आणि स्टिकरांवर ते बहुधा नसतंच. आपल्याकडच्या उंबऱ्यावरचं स्वस्तिक इथल्या शेजाऱ्यांना समजावताना काय होतं, ते परत कधीतरी.) आपल्या फौजेच्या शक्तिमान ट्रकचं खोकं मात्र मला कुठल्याच दुकानात दिसलं नाही.

आणि गंमत अशी, की ज्या गावात मी हे शोधत होते, त्याच गावच्या कंपनीचा तो ट्रक. मान कंपनीने १९५५ मध्ये ट्रकचं काम न्यूरेंबर्गहून म्युनिकला आणलं. तिच्या ४१५ जातीच्या ट्रकचा परवाना आपण घेतला, आणि १९५९ पासून जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत शक्तिमान तयार होऊ लागला. पुढे १९६९ मध्ये तिथेच व्हेइकल फॅक्टरी निघाली. १९९६ पर्यंत हे ट्रक बाहेर पडत होते. बासष्ट, पासष्ट, एकाहत्तर, तिन्ही लढायांत ते होते. इथल्या आमच्या मॉडेलवाल्या मंडळींना मान ४१५ कशीबशी आठवते. तिचं हिंदुस्थानात एवढं मोठं खानदान झालं हे त्यांच्या गावीही नव्हतं.

आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. पहिल्या महायुद्धात ज्या एका गावचे ४६ जण कामी आले, ते अपशिंगे मिलिटरी आमच्या बाजूचंच. घरटी कुणी ना कुणी पलटणीत. माझे चुलते, आप्पा, एएससीत, म्हणजे फौजेच्या रसद-वाहतुकीच्या शाखेत ड्रायव्हर होते आणि त्यांची उमेदीची वर्षं शक्तिमानच्या स्टिअरिंगवर गेली.

नकाशे नाहीत, खोकं नाही, मग मापं कुठून आणायची? फोटोवरून. टायरवर छापलेला आकडा वाचता आला की चाकाचा व्यास कळतो, आणि त्या हिशेबाने बाकीचं काढता येतं. पण माझ्याकडे त्याहून पक्की मोजपट्टी होती. आप्पांच्या ट्रंकेतला एक कृष्णधवल फोटो. ट्रकच्या पुढच्या मडगार्डाला अगदी चिकटून आप्पा उभे. उंची पाच फूट सात इंच, म्हणजे एकास पस्तीसला साडेअठ्ठेचाळीस मिलिमीटर. मडगार्ड त्यांच्या कमरेच्या किती वर, बॉनेट छातीच्या कुठे, सगळं त्यांच्यावरून मोजलं. जर्मन फोटोंतून चासिस समजली, पण त्यांत स्टिअरिंग डावीकडे; आपलं उजवीकडे, म्हणून केबिन आतून पूर्ण उलटी करून बांधली. प्लास्टिकचा पातळ पत्रा घेतला तरी पाव मिलिमीटरचा. पस्तीसने गुणलं तर जवळजवळ नऊ मिलिमीटर, म्हणजे चिलखतच. म्हणून नजरेला दिसणाऱ्या कडा तेवढ्या घासून घासून कागदासारख्या करायच्या. मागची ताडपत्री टिश्यू पेपरची, पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून.

खरा वाद रंगावर झाला. युरोपात या छंदाची सगळी हौस गंजात आणि चिखलात आहे. गंजाच्या रंगावर हेअरस्प्रे मारायचा, वर हिरवा, मग ओल्या ब्रशने घासून हिरव्याचे टवके काढायचे. पत्रा खरोखर सोलल्यासारखा दिसतो. चिखल तर बाटल्यांत विकत मिळतो, नावंही पूर्व आघाडीची. क्लबातल्या सगळ्यांचं म्हणणं, लढाईतला ट्रक म्हणजे माखलेलाच हवा. मी ब्रश उचलण्याआधी आप्पांना व्हिडिओ कॉल लावला आणि एक गंजलेला ब्लिट्झ दाखवला. आप्पा बराच वेळ बघत राहिले.

"पोरी, ही गाडी भंगारातली हाय व्हय?"

"नाही आप्पा, लढाईतली."

"मग ड्रायव्हर मेला असंल. असली गाडी युनिटात कोण ठिवल? सकाळच्याला फडकं मारल्याबिगर चा मिळत न्हवता आमाला."

माझंही मत आता तेच आहे. गंज रंगवायला सोपा आणि बघणाऱ्याला चटकन आवडतो, पण चालत्या पलटणीच्या ट्रकवर तो बहुतेक वेळा खोटा असतो. गाडी झिजते ती माणूस जिथे रोज हात-पाय लावतो तिथे. आप्पांनी जागा सांगितल्या: बूट पडतो त्या पायरीची कड, खिडकीत कोपर टेकतं तिथला उजव्या दाराचा रंग, डिझेलच्या झाकणाखालचा ओघळ, फळका पाडताना साखळी आपटते तो अर्धगोल चरा. बाकी गाडी स्वच्छ. हिरवा मात्र डब्यातल्यापेक्षा थोडा फिकट केला, कारण खरा ट्रक आपण लांबून, मधल्या हवेतून बघतो. नंबरप्लेटवर वर टोक केलेला बाण काढला, त्यापुढचा आकडा मनचाच.

फोटो साताऱ्यातच काढायचे होते. ट्रक हँडबॅगेत, ब्लेडं मोठ्या बॅगेत, थिनर म्युनिकलाच. विमानतळावर तपासणीच्या बाईंनी तो ट्रेमध्ये ठेवला आणि सहकाऱ्याला बोलावून दाखवला.

यवतेश्वर घाटाच्या वर, सकाळी आठच्या उन्हात, स्टुलावर फळी मांडली. फळीवर रस्त्याकडेची माती, पण आईच्या मैद्याच्या चाळणीतून दोनदा चाळून. एक मिलिमीटरचा खडा या मापात साडेतीन सेंटीमीटरचा धोंडा होतो. फळीची पलीकडची कड दरीत मिसळेल अशी धरायची, म्हणजे मागचे खरे डोंगर ट्रकच्या मागे येऊन उभे राहतात. बाकी सगळी कमाई कॅमेऱ्याच्या उंचीत आहे. रस्त्यावर उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून दीड-पावणेदोन मीटरवर, म्हणजे इथे फळीपासून सव्वाचार ते पाच सेंटीमीटर. त्याच्या वर गेलात की खेळणं दिसलं. मोबाइल उलटा धरला की लेन्स खाली येते आणि हे सहज जमतं. मागचे डोंगर धूसर झाले तरी बिंग फुटतं, म्हणून मोठ्या कॅमेऱ्याने थोडं लांब सरकून, लेन्सचं छिद्र बारीक करून, फोकस पुढून मागे नेत पाच-सहा फोटो घ्यायचे आणि नंतर संगणकावर एकत्र जोडायचे. दिवा एकच, सूर्य. तळघरात कितीही दिवे लावले तरी ती सावली पडत नाही.

मुंग्यांनी मात्र जेरीस आणलं. पाच मिलिमीटरची मुंगी या हिशेबाने साडेसतरा सेंटीमीटरची. बॉनेटवर सरडा बसल्यासारखी दिसते. गुरं घेऊन चाललेले एक मामा थांबले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "आमच्या थोरल्याकडं असलीच हुती."

आप्पांनी फोटो चष्मा लावून, चष्मा काढून, असा दोन्हीकडून बघितला. ट्रकबद्दल काही बोलले नाहीत. "हँडब्रेक वढलाय का न्हाय? उतार हाय तिथं," एवढंच विचारलं. केबिनमध्ये हँडब्रेकचा दांडा आहे, हे त्यांना चिमट्याने दार उघडून दाखवावं लागलं.

पुढचा नंबर निसान वन-टनचा, तोही जबलपूरचाच. तुमच्या घरच्या अल्बममध्ये कुणी त्या गाडीला टेकून उभं असेल आणि त्यांची उंची ठाऊक असेल, तर फोटो पाठवा. गाडीच्या मागच्या बाजूचा असेल तर आधी तोच. मागून फोटो कुणीच काढून घेतलेला नसतो, आणि माझं सगळं काम तिथेच अडलंय.