बहर ओसरल्यावरचा वाफा

झिनिया आणि कॉसमॉस आटोपले. खालची पानं भुरी या बुरशीने पांढरी, देठ वाळलेले, मधे उघडी माती. आता रोपवाटिकेतली भरगच्च फुललेली कुंडी उचलून तिथे बसवावीशी वाटणार. पण घाई नको. निशिगंध-लिलीचे कंद खाली निजलेले असतील तर खुरपीखाली कापले जातात. आणि साल्व्हिया नुसता दमलेला दिसत असेल तर उपटायचा कशाला? वरून तिसरा हिस्सा छाटला की पुन्हा फुटतो.

खरा प्रश्न उन्हाचा. हिवाळ्याकडे सूर्य दक्षिणेला कलला की भिंतीची सावली लांबते, त्यामुळे सूर्यफुलाला मानवलेली जागा आता जेमतेम तीन-चार तासच तापते. तिथे झेंडू उंच, किडकिडा होईल आणि फुलणार नाही. थंडी कडक नसेल तर रंगीत पानांचा कोलियस बरा. त्याचे तुरे मात्र दिसताक्षणी खुडावेत, नाहीतर पानांचा जोर जातो.

सहा तास ऊन असेल तर शेवंतीच. रात्री लांबल्या की ती कळ्या धरते. रात्रभर दिवा जळत असेल तर कळ्या रेंगाळतात. रोप घेताना कळ्या फुगलेल्या आणि दोन-चारच उमललेल्या असाव्यात. पूर्ण फुललेलं रोप आठवडाभर मिरवतं आणि बसतं. झेंडू बियांपासून करायचा तर फुलायला साधारण दोन महिने लागतात, तेव्हा उशीर झाला असेल तर तयार रोपंच आणावीत.

जुनी मुळं काढून माती वीतभर खोल मोकळी करायची, वर दोन बोटं जाडीचं कुजलेलं खत मिसळायचं. ताजं शेण नको, मुळं पोळतात.

लावल्यावर रोप का माना टाकतं, याचं उत्तर बहुतेकदा रोपवाटिकेच्या पिशवीतच असतं. तिथलं मिश्रण हलकं. एकदा कोरडं पडलं की पाणी बाजूने निघून जातं. भोवतीची माती ओली आणि मुळांभोवतीचा गड्डा आत ठणठणीत कोरडा! म्हणून लावण्याआधी गड्डा बादलीत बुडवायचा, बुडबुडे थांबेपर्यंत. गोल फिरलेली मुळं बोटांनी सैल करायची. खड्डा रुंदीला गड्ड्याच्या दुप्पट, खोली तेवढीच. खोड गाडलं की कुजतं. दोन रोपांत फूटभर अंतर. आत्ता विरळ दिसेल, दिसू दे.

कडेच्या फटींसाठी अलिसम हे बुटकं फुलझाड. बी मातीत पुरायचं नाही, त्याला रुजायला उजेड लागतो; वर भुरभुरून तळव्याने दाबायचं आणि बारीक फवाऱ्याने भिजवायचं.